भवरोग आणि रोग: कोल्हापुरातील एका सेवाभावी संस्थेचे प्रकरण

संस्थेच्या पावतीपुस्तकात कार्तिक महिन्यातील एक पावती आहे. रक्कम ३५,००० रुपये, प्रयोजन ‘त्रिपुरी पौर्णिमेचा महाप्रसाद’, आणि देणगीदाराची सही चौकटीबाहेर जाऊन थेट शिक्क्यावर चढलेली. त्याच इमारतीत, पावती फाडण्याच्या टेबलापासून फार तर पंधरा पावलांवर, कुलूप लावलेल्या कपाटात त्याच देणगीदाराचा केसपेपर होता. त्यावर द्विध्रुवीय मनोविकार (बायपोलर, म्हणजे अतिउत्साहाचा उन्माद आणि उदासीनता यांचे झटके येणारा आजार) हे निदान, लिथियम या औषधाची मात्रा आणि नवरात्रापूर्वीच्या शेवटच्या भेटीची तारीख, एवढे लिहिलेले होते. पावती फाडणाऱ्याने केसपेपर कधी पाहिला नव्हता आणि केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांना पावतीचा पत्ता नव्हता. हे दोन कागद एकमेकांपासून दूर ठेवण्यात निष्काळजीपणा झाला, असे म्हणता येत नाही. तो संस्थेने विचारपूर्वक केलेला नियम होता, आणि या प्रकरणातील अवघड भाग तोच आहे.

संस्था कोल्हापूर शहरातील एका पेठेत आहे. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही व काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मुळात हे एक भजनी मंडळ. दर गुरुवारी प्रवचन, एकादशीला कीर्तन, कार्तिकात काकडा, आणि अडल्यानडलेल्याला चार शब्द सांगणारे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी पेठ ‘गुरुजी’ म्हणते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी कित्येक फुटांनी ओलांडली, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला, आणि चिखली-आंबेवाडीकडच्या काही कुटुंबांना मंडळाच्या सभागृहात आसरा घ्यावा लागला. पाणी ओसरले, माणसे घरी गेली, पण पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सरी वाजू लागताच रात्रभर उठून बसणाऱ्या बायका गुरुजींकडे येऊ लागल्या. एखादे पारायण केले की मन थाऱ्यावर येईल, असे गुरुजींना प्रथम वाटले होते. ते तसे येत नाही हे त्यांनीच कबूल केले आणि ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंना शनिवारी दोन तास बसण्याची विनंती केली. २०२१ च्या जुलैत पूर पुन्हा आला आणि ‘शनिवारचा दवाखाना’ कायमचा झाला. केसपेपरचे तीस रुपये, नेहमीची औषधे शक्य तितकी मोफत, आणि दोन प्रशिक्षित समुपदेशक.

अशा ठिकाणाची गरज का पडते, हे कोल्हापुरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, उपचार मिळतात, पण तेथील रांगेत कोणी पाहील ही धास्ती गल्लीतल्या माणसाला असते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी जवळचे म्हणजे रत्नागिरीचे, आंबा घाटाच्या पलीकडे, आणि ‘रत्नागिरीला न्यायला लागलं’ हे वाक्य एखाद्या घरावर बसले की मुलींची लग्ने अडतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे नोंदवले आणि बहुतेक विकारांमध्ये दहापैकी सात किंवा त्याहून अधिक रुग्ण उपचाराविना असल्याचेही दाखवले. ही माणसे कोठेच जात नाहीत असे नव्हे. ती जोतिबाला जातात, नृसिंहवाडीला जातात, दर्ग्यात जातात. देवाच्या दारातच डॉक्टर बसवावा, ही कल्पना म्हणूनच जुनी आहे. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम २००८ पासून याच विचाराने चालला. त्याच्या उलट टोकाला तमिळनाडूतील एरवाडी आहे, जेथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले.

आमच्या संस्थेचे नेतृत्व या दोन टोकांपैकी कोणत्या बाजूचे आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अंगारा, उतारा, अंगात येणे, यांना सभागृहात थारा नाही. घटनापत्रकातच तसे लिहिले आहे, आणि ज्या शहरात २०१५ च्या फेब्रुवारीत कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या शहरात असे लिहिण्याला केवळ औपचारिक अर्थ नसतो. डॉक्टरबाईंनी येताना एकच अट घातली होती: भजनाला येणाऱ्यांपैकी रुग्ण कोण आहे, हे भजनाच्या बाजूच्या कोणालाही, अगदी गुरुजींनाही, कळता कामा नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क आहेच. पण डॉक्टरबाईंच्या मनात कायद्यापेक्षा पेठ होती. गुरुजींनी अट तत्काळ मान्य केली. एका दाराने दोन्हीकडे जाता येईल आणि कोण कोठे गेला हे कोणी विचारणार नाही, अशी ती व्यवस्था होती, आणि चार वर्षे ती उत्तम चालली.

पावतीवर सही करणारा देणगीदार तरुण सव्वीस वर्षांचा, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत सीएनसी मशीनवर काम करणारा. तीन वर्षांपूर्वी त्याला उन्मादाचा पहिला झटका आला होता, त्यानंतर दीर्घ उदासीनता, आणि लिथियम सुरू झाल्यावर दोन वर्षे बरी गेली. लिथियम हे स्वस्त आणि गुणकारी, पण लहरी औषध आहे. त्याची रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर या अरुंद पट्ट्यात राखावी लागते, शरीरातील पाणी कमी झाले की ती वाढते आणि हात कापणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. म्हणून डॉक्टरबाई प्रत्येक रुग्णाला सांगत, ‘उपवास करायचा असेल तर आधी मला विचारा.’ तरुणाने नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरला, विचारले मात्र नाही. ‘उपवासात लिथियम जपून’ या वाक्याचे त्याच्या मनात ‘उपवासात लिथियम नको’ असे झाले. दसऱ्याला उपवास सुटला. गोळ्या सुरू झाल्या नाहीत. बरे वाटत होते, हात कापत नव्हते, डोके हलके होते. हे औषध अचानक थांबवल्यावर उन्माद परतण्याचा धोका पुढील काही आठवड्यांत आणि महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि सुरुवातीचे काही दिवस मात्र माणसाला सुटल्यासारखेच वाटते.

त्याच सुमारास एका गुरुवारच्या प्रवचनात गुरुजी म्हणाले की, या रोगावर नामासारखे दुसरे औषध नाही, बाकीची औषधे पोटात जातात आणि नाम मुळाशी जाते. रोग म्हणजे भवरोग, हे वारकरी परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला सांगावे लागत नाही. जन्ममरणाच्या फेऱ्याला रोग आणि नामाला औषध म्हणणे हे इतके अंगवळणी पडले आहे की गुरुजींना आपण रूपक वापरतो आहोत याचेही भान नसावे. चौथ्या ओळीत बसलेल्या तरुणाच्या खिशात मात्र गोळ्यांची न फोडलेली पट्टी होती. त्याने नंतर समुपदेशकाला सांगितले की, ते वाक्य गुरुजींनी आपल्याकडे पाहून म्हटले असे त्याला वाटले. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले असेलही. तो रुग्ण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच.

कोजागिरीला काकडा सुरू झाला. तरुणाची दुसरी पाळी रात्री बाराला सुटे. घरी येऊन अंग टाकेपर्यंत एक वाजे आणि साडेचारला तो अंघोळ करून सभागृहात हजर. तीन तासांची झोप, मग दोन तासांची, मग तीही नाही. ज्या आजारात झोपमोड हेच ठिणगी टाकण्याचे काम करते, त्या आजाराचा माणूस पाळीची नोकरी करतो, याची नोंद केसपेपरवर होती. काकड्याला मात्र पाळी विचारण्याची पद्धत नाही. सेवेकऱ्यांना दिसला तो भक्तीत रंगलेला पोर: झाडलोट करणारा, सगळ्यांच्या आधी येणारा, टाळ घेतला की भान हरपणारा, अभंग संपला तरी बोलत राहणारा. वीणा सांभाळणाऱ्या ज्येष्ठ बाईंना, ज्यांना सारे मावशी म्हणतात, त्याचे बोलणे जरा जलद वाटले होते. त्यांनी एकदा ‘बाळ, झोपतोस का रे?’ असे विचारलेही. ‘झोपायला वेळ कुणाला हाय मावशी,’ असे तो हसत म्हणाला आणि आजूबाजूच्यांनी कौतुकाने मान डोलावली. मला या प्रकरणातील सर्वांत जड क्षण तो वाटतो. पुढे घाटावर जे झाले ते फक्त सर्वांना दिसले.

दिवाळीत शनिवारचा दवाखाना दोन आठवडे बंद होता. न आलेल्या रुग्णांना फोन करण्याचे काम एका स्वयंसेविकेकडे असे. ती माहेरी गेली होती आणि तिच्या जागी कोणी नेमलेले नव्हते. याची जबाबदारी डॉक्टरबाईंनी पुढे सभेत स्वतःकडे घेतली, आणि ती त्यांचीच होती. दिवाळीला कारखान्यातील भिशी फुटली. बहिणीच्या लग्नासाठी वर्षभर भरलेल्या त्या पैशांतून तरुणाने ३५,००० रुपये महाप्रसादासाठी आणून दिले. टेबलावरच्या सेवेकऱ्याने पावती फाडली, शाल घातली, आणि संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून नाव जाहीर झाले.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाट पणत्यांनी उजळतो आणि सारे शहर तेथे लोटते. सलग चार रात्री न झोपलेला तरुण घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहून, गुरुजींचे काम आता आपल्याकडे आले आहे, असे मोठ्याने सांगू लागला आणि मग कपड्यांनिशी पाण्यात उतरला. मित्रांनी त्याला ओढून बाहेर काढले आणि रिक्षातून थोरल्या दवाखान्यात नेले. तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसल्याने, अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर आणि नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून आईच्या अर्जावर त्याला दाखल करून घेण्यात आले. तीन आठवड्यांनी तो घरी आला.

आई संस्थेत आली ती त्यानंतर. तिने आरडाओरडा केला नाही. ‘पोरगं पहाटे उठून देवाला जातंय म्हणून मी गल्लीत सांगत हुते, गुर्जी. तुमचीच माणसं त्याची पाठ थोपटत हुती. त्याला गोळ्या सोडायला कुणी सांगितलं, तेवढं मला सांगा,’ एवढेच ती म्हणाली. या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच सांगितले नव्हते’ असे होते, आणि ते उत्तर देण्याची हिंमत गुरुजींना झाली नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

विश्वस्त मंडळाची तातडीची सभा झाली. इतिवृत्त मी वाचले आहे. पहिला पाऊण तास, कायदा मोडला आहे का, या प्रश्नात गेला. एका विश्वस्ताने २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा समोर ठेवला. भुताटकीच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, अशी कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो कायदा हात लावत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे, रूपकाला नाही. कायदेशीरदृष्ट्या संस्था स्वच्छ होती, आणि हे कळल्यावर सभेतील वातावरण सैल झाले, असे इतिवृत्ताच्या कोरड्या भाषेतूनही जाणवते. तेथे डॉक्टरबाईंनी विचारले की, पोलीस येणार नाहीत हे ठरले असेल तर आता मूळ विषयाला सुरुवात करायची का.

गुरुजींनी राजीनामा पुढे केला. सचिव, जे बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांनी तो हाती घेतला, बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत द्यावा लागेल याची आठवण करून दिली, आणि डॉक्टरबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे की, गुरुजी गेले तरी त्यांचे वाक्य सभागृहातच राहील, आणि ते दुरुस्त करू शकणारा एकमेव माणूस घरी बसलेला असेल. त्या वेळी मला हे म्हणणे जरा कठोर वाटले होते. आता ते बरोबर वाटते. राजीनाम्याने माणसाची सुटका होते, वाक्याची होत नाही.

दुरुस्ती मात्र वाटली तितकी सोपी नव्हती. गुरुजींनी ठरवले की नामाला औषध म्हणायचे नाही. पहिला गुरुवार पार पडला. दुसऱ्या गुरुवारी निरूपण रंगात आले आणि भवरोग, वैद्य, मात्रा, पथ्य असा सगळा दवाखाना ओघात येऊन गेला; संतपरंपरेची भाषाच या प्रतिमांनी विणलेली आहे, त्यातला एक धागा उपसून काढता येत नाही. डॉक्टरबाईंनी सुचवले की गुरुजींनी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख प्रवचनात करावा. गुरुजींनी नकार दिला: व्यासपीठावरून कीर्तनकाराने आपले दुखणे सांगणे म्हणजे स्वतःलाच कथा करणे होय, असे त्यांचे मत. यावर दोघांमध्ये खरा मतभेद झाला आणि तो मिटलेला नाही. शेवटी असे ठरले की प्रवचनापूर्वी गुरुजी स्वतः, दुसऱ्या कोणाच्या तोंडून नव्हे, दोन वाक्ये बोलतील: येथे रोग म्हटला की भवरोग समजावा, आणि ज्याची गोळी चालू आहे त्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये. हे आजही बोलले जाते. एसटीतल्या ‘धूम्रपान करू नये’ या पाटीसारखी ती वाक्ये हळूहळू कोणाला ऐकू येईनाशी होतील, ही डॉक्टरबाईंची भीती रास्त आहे. म्हणून मावशींसह आठ सेवेकऱ्यांना दोन शनिवार बसवून झोप, बोलण्याचा वेग, खर्च आणि चिडचीड या चार गोष्टींकडे पाहायला शिकवण्यात आले. कोणाचेही निदान करायचे नाही. ‘झोप झाली का’ विचारायचे आणि उत्तर नाही असे आले तर कौतुक करायचे नाही, घरी पाठवायचे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच वेळी काकड्याच्या फलकावर लिहिला गेला.

देणगीचा प्रश्न सर्वांत लांबला. उन्मादात माणूस हात सैल सोडून पैसे देतो, हे डॉक्टरबाईंना नवे नव्हते. ती रक्कम परत करावी, असे त्यांनी पहिल्या सभेतच मांडले. सचिवांचा आक्षेप केवळ कंजूषपणातून आलेला नव्हता. पावती फाडलेली, रक्कम जमा झालेली, महाप्रसाद जेवून झालेला. उद्या प्रत्येक देणगीदार येऊन ‘तेव्हा माझी मनःस्थिती बरी नव्हती’ म्हणाला तर हिशेब तपासनिसाला काय दाखवायचे? आणि याहून नाजूक मुद्दा असा, की परतीच्या ठरावात कारण लिहावे लागेल आणि ते कारण म्हणजे त्या तरुणाचा आजार. गोपनीयतेचा नियम ज्याच्यासाठी केला त्याचेच निदान संस्थेच्या इतिवृत्तात कायमचे नोंदले जाईल. तीन सभांनंतर ‘देणगीदाराच्या कौटुंबिक अडचणीमुळे’ एवढ्याच शब्दांत ठराव झाला आणि रक्कम धनादेशाने तरुणाच्या खात्यावर गेली.

त्याच सभेत पुढचा नियम ठरला, आणि या प्रकरणातील नेतृत्वाचे सर्वांत कल्पक काम मला तेच वाटते. पाच हजारांवरील कोणतीही देणगी, देणारा कोणीही असो, पंधरा दिवस अनामत म्हणून राहील. त्यानंतर देणगीदाराला फोन करून, त्याचा विचार कायम असल्यास पावती फाडली जाईल. टेबलावरच्या माणसाला रुग्ण कोण हे कळण्याची गरज उरली नाही, कारण नियम सर्वांनाच लागू आहे. गूळ बाजारातील एका जुन्या देणगीदाराने याला अपमान मानून आपला धनादेश परत नेला. सचिव अजूनही त्या रकमेचा उल्लेख अधूनमधून करतात.

काकडा आणि दवाखाना यांच्यामधील भिंत मात्र अशी सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या नियमाने ओलांडता येत नव्हती. गुरुजींना किंवा सेवेकऱ्यांना रुग्णांची यादी द्यावी, ही एका विश्वस्ताची सूचना डॉक्टरबाईंनी फेटाळली आणि गुरुजींनीही. मग केसपेपरबरोबर एक संमतिपत्र आले. त्यात प्रश्न एकच: तुम्ही बरे नाही असे वाटल्यास संस्थेतील कोणाशी आम्ही बोलू शकतो? कोणाशीही नाही, हे उत्तरही चालते, आणि बरेच जण तेच देतात.

तरुण फेब्रुवारीत पुन्हा शनिवारी येऊ लागला. लिथियम सुरू झाले होते, रक्ताची पातळी ठीक होती, कारखान्याने डॉक्टरांच्या पत्रावरून त्याला कायम पहिल्या पाळीवर घेतले होते. संमतिपत्रावर त्याने मावशींचे नाव लिहिले. गुरुजींचे का नाही, असे समुपदेशकाने विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘त्यांच्या डोळ्यांत मी आजारी दिसायला नको.’ घाटावर काय झाले हे गुरुजींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, हे त्यालाही ठाऊक होते. तरीही त्याने तसेच लिहिले, आणि समुपदेशकाने तसेच ठेवले. गुरुजी आजही त्याच्याशी आजाराबद्दल बोलत नाहीत.

पुढच्या कार्तिकात काकड्याला यायचे की नाही, यावर डॉक्टरबाई आणि तो बराच वेळ बोलले. अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे, पुढे आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर उपचार कसे व्हावेत, याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आहे, हे त्याला समजावण्यात आले. त्याने ते अजून केलेले नाही. त्याऐवजी वहीच्या पानावर त्याने मावशींना एक चिठ्ठी लिहून दिली: मी काकड्याला फक्त रविवारी येईन, लागोपाठ दोन दिवस दिसलो तर टाळ काढून घ्या आणि आईला फोन करा, मी काहीही म्हणालो तरी. खाली आईचा नंबर आहे आणि सही ओळीत आहे.

गेल्या कार्तिकात एका सोमवारी तो आला. मावशींनी टाळ काढून घेतला. पाळीला सुट्टी होती, रात्री आठ तास झोपलो होतो, असे तो सांगत राहिला, आणि आईने फोनवर तेच सांगितले. मावशींनी टाळ परत दिला नाही.